सदतीस अंश

बाहेर उणे चोवीस. आत, कपाटात, सदतीस.
या दोन आकड्यांच्या मध्ये माझी नोकरी.

नाताळ असो, रविवार असो,
दिवसाआड त्यांचं पाणी बदलायचं.
पाणी ही आमची बोलायची सवय. असतो गुलाबी द्रव,
शिळा झाला की पिवळा पडतो.

बशीत ओत्सो आहे.
म्हणजे, ओत्सो नाही.
मार्चमध्ये त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली.
तो रडला नाही, नुसता लिफ्टचा आवाज काढत राहिला,
दार उघडायच्या आधीचा तो टिंग,
इतका हुबेहूब की बाहेरची नर्स उठून उभी राहिली.
त्या कातडीला आम्ही सांगितलं, तू कातडी आहेस हे विसर.
विसरली.
मग सांगितलं, आता मेंदू हो.
नऊ महिने झाले. बशीत साबुदाण्याचे अकरा दाणे,
भिजून फुगलेले, मधोमध थोडे गढूळ.
त्यांना मेंदू म्हणू नये. निबंधात मी म्हणत नाही.
रात्री एकटी असले की तोंडून निघून जातं.

आमच्या भाषेत तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा.
एक उकार लांबला की आगीचा वारा होतो.
ओत्सोच्या एका जनुकात असंच काहीसं,
एवढंच, एका अक्षराचं.

पेशीला आधी भरमसाठ फांद्या फुटतात, सगळ्यांच्याच.
मग छाटणारे येतात.
ज्या वाटेनं जा-ये आहे ती ठेवतात, बाकीच्या बुजवतात.
बशीत छाटणारे आपोआप उगवत नाहीत,
वेगळे वाढवून सोडावे लागतात.
सोडले. ओत्सोचे छाटणारे
कोयता टेकवून बसून राहिले.
सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं, दाट, गुंतलेलं रान.
यार्क्को म्हणाला, सुंदर आहे.
मी म्हणाले, मोज.

हिल्क्का आली एकदा, परवानगी काढून. ओत्सोची आई.
औलुच्या सायकलवाटांवरचं बर्फ काढते ती,
पहाटे तीनपासून, यंत्रावर बसून.
खूप वेळ भिंगाला डोळा लावून होती.
"झोपतात का हे?"
नाही.
"दुखतं?"
नाही, म्हणाले. मग म्हणाले, बहुधा नाही.

मी तिला छाटणीचं सांगितलं. ती हसली.
"म्हणजे माझंच काम की.
शाळेची वाट आधी, दवाखान्याची आधी,
बाकीचं राहतं बर्फाखाली. यादी नगरपालिका देते.
तुमची यादी कोण देतं?"

मी हातमोजे काढत राहिले.

"ओत्सो मळलेल्या वाटेनं जातच नाही.
गुडघाभर बर्फातून जातो, सरळ नदीकडे.
परवा त्याला कोल्ह्याचे ठसे सापडले.
मी वीस वर्षं त्याच काठानं यंत्र चालवते,
मला एकदाही दिसले नव्हते.
डोळे पुसू नका. त्याच नदीवर
एप्रिलमध्ये तो पातळ बर्फावर गेला होता,
मी पोटावर सरपटत जाऊन ओढून आणला.
आणि झोपत नाही हो. तीन-तीन रात्री.
झोपेचं काही सापडलं तर तेवढं द्या.
कोल्हा राहू द्या."

अनुदानाच्या अर्जात असा रकाना नाही.
'अपेक्षित निष्पत्ती' आहे, तीनशे शब्दांत.
सातव्या संयुगानं फांद्या विरळ होतात, हे खरं.
कुठल्या, ते कळत नाही.
झोपेची फांदी कुठली, ठशांची कुठली,
दोन्ही एकाच बुंध्याची असली तर काय करायचं,
हे मी यार्क्कोला विचारलं. तो म्हणाला, मोजू.

साडेतीन वाजता खिडकीखालून पिवळा दिवा गेला.
माझ्या दारापर्यंतची वाट यादीत वर आहे, वाटतं.
गल्लीतली लिफ्ट वाजली, टिंग,
आणि मी वेड्यासारखी आधी बशीकडे पाहिलं.

पाणी बदललं. अकरापैकी एक पिवळा होता.
वहीत लिहिलं: दहा.